दलदलीतली मुदत ठेव

शेवाळाबद्दल आपल्याकडे कुणी फारसं चांगलं बोललेलं मला आठवत नाही. अंगणात पाय घसरतो तो शेवाळावरून. विहिरीचं पाणी बिघडतं ते शेवाळाने. गणपतीला गावी गेलं की पहिलं काम म्हणजे पायऱ्यांवरचं शेवाळ खराट्याने खरवडणं. बरं, साता समुद्रापलीकडे येऊनही त्यातून सुटका नाहीच. इथल्या लॉनमध्ये गवत कमी आणि मॉस जास्त. वसंत ऋतू आला की आमच्या शेजारचे आजोबा मॉस मारायच्या पावडरीचा डबा घेऊन बाहेर पडतात, आणि आठवड्याभरात त्यांचं लॉन चुलीतल्या राखुंडीसारखं काळं दिसायला लागतं!

खरं म्हणजे पाण्यातलं बुळबुळीत ते शैवाल आणि दगडा-भिंतींवरचं मऊ मखमली ते मॉस. ही दोन वेगळी कुळं आहेत. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे एवढा भेद मला सांगायलाच हवा. पण आपल्या बोलण्यात दोन्हीला शेवाळच म्हणतात, तेव्हा मीही तसंच म्हणणार आहे. आज लिहायचं आहे ते या दुसऱ्या, मखमली शेवाळाबद्दल. कोकणातल्या मंडळींनी ते जांभ्याच्या गडग्यावर पाहिलेलं असतं. मार्च-एप्रिलात ते वाळून तपकिरी होतं, हाताने चोळलं तर भुगा होतो. कुणीही म्हणेल, मेलं. आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की दुपारपर्यंत गडगा हिरवागार! लहानपणी यात काही नवल आहे असं वाटलं नव्हतं. नवल वाटायला लागलं ते निवृत्त झाल्यावर, आणि तेही कोकणात नव्हे तर इथे, मँचेस्टरच्या डोंगरावर.

मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्या मधला पीक डिस्ट्रिक्टचा डोंगराळ भाग आपल्या मंडळाच्या बहुतेकांना ठाऊक आहे. १९५१ साली झालेलं हे या देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. एडेलला गाडी लावून, डबे घेऊन आपण किती तरी सहली केल्या आहेत. वर किंडर स्काऊट आणि ब्लीकलो ही दोन पठारं आहेत. उंची साधारण ६३५ मीटर, म्हणजे सह्याद्रीपुढे टेकाडंच. पण वर गेलं की पायाखाली दगड नसतो, काळी, ओली, लोण्यासारखी माती असते. ही माती नव्हेच. हे पीट. हजारो वर्षांचं न कुजलेलं शेवाळ एकावर एक साचून त्याचा हा थर झालेला आहे. काही ठिकाणी तो दोन-तीन मीटर जाड आहे.

निवृत्तीनंतर चालण्याच्या निमित्ताने मी एका स्वयंसेवकांच्या गटात गेले. काम काय, तर उघड्या पडलेल्या पीटवर शेवाळाची रोपं लावायची. हो, शेवाळाची रोपं! रोपवाटिकेत वाढवलेले, काडेपेटीएवढे हिरवे ठोंबे ट्रेमध्ये येतात. एकाने काठीने भोक पाडायचं, दुसऱ्याने ठोंबा बसवून अंगठ्याने दाबायचा. वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला होतो. मला तर थेट राजापूरकडची भातलावणीच आठवली, फक्त तरव्याच्या जागी शेवाळ आणि इरल्याच्या जागी गोअरटेक्सचं जाकीट. आयुष्यभर शेवाळ खरवडलेल्या बाईने पासष्टाव्या वर्षी ते हाताने लावावं, हा दैवाचा विनोदच म्हणायचा. आमच्या घरात यावर जे बोललं गेलं ते इथे छापण्यासारखं नाही.

त्या दिवशी डबा खाताना आमच्या गटाची तरुण मार्गदर्शिका सहज म्हणाली, की या शेवाळाचे बीजाणू पीटमध्ये पुरलेले असले तरी शेकडो वर्षं जिवंत राहू शकतात. मी घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. मग मास्तरीण जागी झाली आणि विचारलं, "अगं, मग आपण हे लावतोय कशाला? खालचे आपोआप उगवतील की!"

तिचं उत्तर पुढे सांगते. आधी थोडा अभ्यास.

या शेवाळाचं नाव स्फॅग्नम. याला मुळं नसतात. वरचं टोक वाढत राहतं आणि खालचं शेपूट मरत जातं. आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी ते धरून ठेवतं. पहिल्या महायुद्धात कापूस पुरेना तेव्हा इथल्या बायकामुलांनी डोंगरावरून हे शेवाळ गोळा करून, वाळवून जखमांवरच्या पट्ट्या बनवल्या. १९१८ पर्यंत ब्रिटनमध्ये महिन्याला सुमारे दहा लाख पट्ट्या तयार होत होत्या. शिवाय हे शेवाळ आपल्याभोवतीचं पाणी आंबट करून टाकतं. आंबट, थंड आणि प्राणवायू नसलेल्या पाण्यात कुजवणाऱ्या जंतूंचं काही चालत नाही. लोणच्याच्या बरणीत कैरी टिकते तसं त्या दलदलीत सगळं टिकतं. १९८४ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर विमानतळापासून फार लांब नसलेल्या लिंडो मॉस इथे पीट खोदणाऱ्यांना एक माणूस सापडला. त्याची कातडी, केस, दाढी, पोटातलं शेवटचं अन्नसुद्धा शाबूत होतं. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा निघाला. ब्रिटिश म्युझियममध्ये आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल.

म्हणजे पीट ही एक बरणी. पण बरणीतल्या कैरीला काही कोंब फुटत नाही. टिकणं वेगळं आणि जिवंत राहणं वेगळं. प्रश्न आहे तो जिवंत राहण्याचा.

पीट वर्षाला ढोबळ मानाने एक मिलिमीटर वाढतं. म्हणजे शंभर वर्षांना दहा सेंटिमीटर. हिशोब काटेकोर नाही. वरचे थर सैल असतात, खालचे दबलेले, आणि जागेजागेप्रमाणे फरक पडतो. पण मला तो आवडला, कारण त्यावर आपला इतिहास मोजता येतो. अखंड राहिलेल्या पीटमध्ये पट्टी उभी रोवली तर आठ सेंटिमीटरच्या आत भारताचं स्वातंत्र्य. २६ सेंटिमीटरच्या आसपास पानिपत. पस्तिसावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. पाऊण मीटरला थोडं कमी, तिथे ज्ञानेश्वरी लिहून होते आहे. आणि त्या प्रत्येक थरात त्या त्या वर्षी हवेतून पडलेले परागकण, धूळ, काजळी आणि शेवाळाचे बीजाणू जसेच्या तसे बसलेले आहेत.

हे बीजाणू येतात कुठून? उन्हाळ्यात स्फॅग्नमच्या टोकाला मोहरीपेक्षाही लहान, काळपट गोल बोंडं येतात. ऊन लागलं की बोंड सुकत आक्रसतं, आतल्या हवेचा दाब वाढतो, आणि शेवटी फट्‌ करून टोपी उडते. अमेरिकेतल्या ड्वाइट व्हिटेकर आणि जोन एडवर्ड्‌स या दोघांनी वेगवान कॅमेऱ्याने याची छायाचित्रं घेतली आणि २०१० साली दाखवून दिलं की बीजाणूंचा लोट वर जाताना सिगारेट ओढणारे धुराची कडी सोडतात तशी कडी तयार होते. त्या कडीवर स्वार होऊन बीजाणू दहा सेंटिमीटरच्या वर जातात. दहा सेंटिमीटर म्हणजे आपल्याला काहीच नाही. पण जमिनीला चिकटलेल्या या जिवाला तिथवर पोचलं की वारा मिळतो, आणि एकदा वारा मिळाला की मग मुलूखभर भ्रमंती. एका बोंडात बीजाणू किती? जातीप्रमाणे वीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत. प्रत्येकाची रुंदी मिलिमीटरच्या तीन-चार शतांश भागाएवढी.

यातले बहुतेक जिथे पडतात तिथे उगवत नाहीत. त्यांच्यावर नवं शेवाळ वाढतं, प्रकाश बंद होतो, आणि प्रकाशाशिवाय त्यांना कोंब फुटत नाही. ते तसेच पडून राहतात. शास्त्रज्ञ याला बीजाणूंची बँक म्हणतात. बँक म्हटल्यावर मराठी माणसाचे कान टवकारणारच! आपल्या भाषेत ही मुदत ठेव. पण एक मोठा फरक आहे. या ठेवीवर व्याज मिळत नाही, उलट मुद्दल दर वर्षी थोडं थोडं झिजतं.

किती झिजतं हे मोजायचा प्रयत्न स्वीडनमधल्या सेबास्टियन सुंडबर्ग आणि हॉकन रिदिन यांनी केला. वेगवेगळ्या जातींचे बीजाणू त्यांनी वेगवेगळ्या खोलीवर पुरले, मग काढून किती उगवतात ते पाहिलं. २००० साली त्यांनी लिहिलं, की स्फॅग्नमची बँक टिकाऊ आहे. काही जातींचे बीजाणू लवकर संपतात, काहींचे कित्येक दशकं, कदाचित त्याहूनही जास्त काळ उरतात. हा अंदाज दोन-तीन वर्षांच्या प्रयोगावरून केलेला होता. पुढे २०१७ साली ईशान्य चीनमधल्या दलदलींवर काम करणाऱ्या बू झाओ-जुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (त्यात सुंडबर्गही होते) थेट जुन्या पीटमधले बीजाणू बाहेर काढून, त्यांना उजेड देऊन उगवून पाहिले. शेकडो वर्षांपूर्वीच्या थरातले बीजाणूसुद्धा हिरवे झाले. त्यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकात बायबलातल्या ९६९ वर्षं जगलेल्या मथुशलहाचं नाव घातलं. आपण असतो तर मार्कंडेयाचं घातलं असतं.

इथे एक गल्लत टाळायला हवी. शेवाळ जिवंत होण्याच्या याहून थरारक बातम्या आपण वाचलेल्या असतात. १९८६ साली क्लायमो आणि डकेट या इथल्या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवलं, की पीटमध्ये ३० सेंटिमीटर खाली गेलेल्या, काही दशकं जुन्या तपकिरी काड्यांनाही नवे कोंब फुटतात. २०१३ साली कॅनडाच्या एल्समियर बेटावर वितळत्या हिमनदीखालून निघालेलं चारेकशे वर्षांचं शेवाळ पुन्हा वाढलं. २०१४ साली अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावरचं, दीड हजार वर्षं गोठून पडलेलं शेवाळ प्रयोगशाळेत हिरवं झालं. पण ही सगळी शेवाळाची अंगं होती, काड्या आणि पानं. शेवटच्या दोन ठिकाणी तर निसर्गाचं डीप फ्रीझरच होतं. दलदलीतला बीजाणू मात्र न गोठलेल्या, ओल्या अंधारात, नुसत्या आपल्या कवचाच्या भरवशावर एवढा काळ काढतो.

शंकेखोरांसाठी आणखी एक मुद्दा. खोल थरात सापडलेला बीजाणू तिथलाच कशावरून? पावसाच्या पाण्याबरोबर वरून झिरपून आला नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे. वरच्या सैल थरात पाणी वरखाली होतं तेव्हा बारीक कण थोडे सरकतात, हे तपासलेलं आहे. म्हणून या कामात थरांचं वय काळजीपूर्वक ठरवावं लागतं. आपल्या घरातही हा घोटाळा होतोच. नातवाने परवा एकदम "अय्या" म्हटलं तेव्हा मला पणजीचा संस्कार खोलवर मुरल्यासारखा वाटला. नंतर कळलं, आदल्या रात्री आजीबरोबर मराठी मालिका बघत होता.

आता गणित. समजा एखाद्या जातीचे निम्मे बीजाणू दर वीस वर्षांनी मरतात. एका बोंडातून एक लाख पुरले गेले, तर शंभर वर्षांनी उरतील तीन हजारांच्या आसपास. दोनशे वर्षांनी शंभरेक. तीनशे वर्षांनी तीन. म्हणजे एकेक बीजाणू अमर आहे असं नव्हे. सुरुवातीला ठेव प्रचंड मोठी होती, म्हणून शेवटी हाताशी काही उरलं. सुरुवात शंभराने केली असती तर नातवंडांच्या वेळेपर्यंत पाच-दहाच उरले असते, आणि पुढे कुणीच नाही.

आता त्या मुलीच्या उत्तराकडे येते. ती म्हणाली, "खालचे उगवतील, पण ते आहेत तो थरच वाहून चाललाय."

किंडर आणि ब्लीकलोवरचं शेवाळ मेलं ते धुराने. औद्योगिक क्रांतीपासून पुढची दीडशेहून अधिक वर्षं लँकेशायरच्या गिरण्यांचा आणि घराघरातल्या कोळशाचा धूर या पठारांवर उतरत होता. मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉन टॅलिस यांनी १९६० च्या दशकात इथल्या पीटचे थर तपासले, तेव्हा काजळी सुरू होते तिथेच स्फॅग्नम संपताना दिसलं. धुरातला गंधक त्याला सोसला नाही. या धुराशी आपलाही एक धागा आहे बरं का. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा मुंबई बंदरातून लँकेशायरला कापसाची रीघ लागली होती. ती भोंगे वाजवणारी धुरांडी काही काळ आपल्याकडच्या कापसावरही चालली.

शेवाळ गेलं, पीट उघडं पडलं. त्यावर वणवे, मेंढ्यांची चराई, पाऊस आणि गोठण-वितळण. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, पुढे हवा सुधारली, पण शेवाळ काही परतलं नाही. कारण वरचे थर, म्हणजे ठेवीतला ताजा आणि मोठा हिस्सा, ओढ्यांमधून धरणांत जाऊन बसला होता. जे उरलं होतं त्याला उगवायला नुसता उजेड पुरत नाही. सतत ओलावा लागतो. स्वीडनच्या त्याच दोघांनी पुढे असंही दाखवलं, की नुसत्या पीटवर बीजाणूंची वाढ होत नाही, कुजलेला पालापाचोळा किंवा जनावरांचं शेण यांतून थोडा फॉस्फरस मिळाला तर होते. उघड्या, वाऱ्याने सुकलेल्या पठारावर यातलं काय मिळणार? म्हणून २००३ पासून इथे मोठं काम चालू झालं. घळींना दगडांचे आणि लाकडाचे बांध घातले, हेलिकॉप्टरने चुना, खत, गवताचं बी आणि हेदरच्या काटक्या टाकल्या. उघडं पीट झाकलं गेलं, पाणी थांबलं, आणि मग आमच्यासारखे लोक ठोंबे घेऊन वर गेले. हा खटाटोप हौसेखातर नाही. जगाच्या जमिनीपैकी पीट जेमतेम तीन टक्के आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांत मिळून आहे त्याच्या सुमारे दुप्पट कार्बन त्यात साठलेला आहे. ते सुकलं की तो हवेत जातो.

आणि जिथे दलदल मोठ्या प्रमाणावर शाबूत राहिली तिथे काय होतं त्याचं उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला आहे. तिथल्या फ्लो कंट्रीला जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. तो निर्णय झाला कुठे, तर नवी दिल्लीत, कारण त्या वर्षीचं अधिवेशन तिथे भरलं होतं. १९८० च्या दशकात करसवलतीच्या आशेने त्याच दलदलीत चर खणून परदेशी सुचीपर्णी झाडं लावली गेली होती. १९८८ च्या अर्थसंकल्पात ती सवलत काढली गेली. पुढे कित्येक ठिकाणी ती झाडं तोडून, चर बुजवून पाणी पुन्हा वर आणलं गेलं. पाणी वर आलं की शेवाळ येतं.

एवढं सगळं मी का सांगत बसले? आपल्या मंडळाच्या मागच्या सभेला जे हजर होते त्यांच्या लक्षात आलं असेल. रविवारचा मराठी वर्ग बंद करावा की काय, हा विषय निघाला होता. एके काळी त्या वर्गात तीसएक मुलं असत. आता सहा येतात. हॉलचं भाडं परवडत नाही, शिकवायला माणूस मिळत नाही, आणि मुलांची फुटबॉलची मॅच नेमकी त्याच वेळी. हे सगळं खरं आहे. पण सभेत एक मुद्दा असा मांडला गेला, आणि बऱ्याच माना डोलल्या, की मुलांच्या कानांवर मराठी पडलेली आहे, ती जाते कुठे? वेळ आली की येईल आपोआप वर.

हा मुद्दा अगदीच चूक नाही, हे मी घरच्या अनुभवावरून सांगते. आमची धाकटी सहाव्या वर्षापासून मराठीत उत्तर देईनाशी झाली. आम्ही मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत सांगायचं, असं वीस वर्षं चाललं. मग माझ्या सासूबाई रत्नागिरीला दवाखान्यात होत्या तेव्हा ती माझ्याबरोबर आली. पहिल्या दिवशी गप्प होती. दुसऱ्या दिवशी मी औषधं आणायला खाली गेले होते, परत येते तो दाराबाहेरच थबकले. आत ही म्हणत होती, "आजी, पाणी हवं का? उशी सरळ करू? कुठे दुखतंय?" उच्चार स्वच्छ, अगदी सासूबाईंच्या वळणाचे. सासूबाई तिला काहीतरी सांगत होत्या आणि ही हं, हं करत होती.

परदेशात दत्तक गेलेल्या मुलांवर असे अभ्यास झालेले आहेत. कोरियातून नेदरलंड्‌समध्ये लहानपणीच दत्तक गेलेली आणि कोरियन पार विसरलेली माणसं मोठेपणी ती भाषा शिकायला बसली, तेव्हा तिचे अवघड उच्चार त्यांनी इतर डच माणसांपेक्षा लवकर उचलले, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे आत काहीतरी उरतं हे नक्की. पण नीट वाचा. ती शिकायला बसली, तेव्हा. कुणीतरी शिकवलं, तेव्हा.

आमच्या मुलीचंही तेच. वर आलं ते पाणी, उशी, दुखतंय, भूक लागली, ये, जा, बस. स्वयंपाकघरातलं आणि सहा वर्षांच्या मुलीचं मराठी. सासूबाई त्या आठवड्यात तिला आपल्या माहेरच्या गोष्टी सांगत होत्या. त्यातलं तिला किती कळलं हे तिने मला परतीच्या विमानात सांगितलं. "अर्ध्याहून कमी, आई. मी नुसती मान हलवत होते." सासूबाई दोन महिन्यांनी गेल्या. त्यांनी आम्हाला इथे पाठवलेली पत्रं मी एका डब्यात ठेवली आहेत, सत्तरेक असतील. बारीक अक्षर, कडेकडेने उभ्या ओळी, घडीवर सुद्धा मजकूर. निम्म्या पत्रांत एक ओळ नातीसाठी आहे. ती पत्रं तिने मागून घेतली, उघडून पाहिली, आणि तिला एक अक्षर वाचता येईना. ते बीजाणू तिच्यात पडलेलेच नव्हते. वाचणं कानावर पडत नाही, ते समोर बसून गिरवावं लागतं.

आता ती एकतिसाव्या वर्षी बाराखडी गिरवते आहे. दर गुरुवारी संध्याकाळी फोनवर एक पत्र. ती पत्राचा फोटो पाठवते, एकेक शब्द लावते, अडलं की मी सांगते. पहिल्या पत्राला पाच आठवडे लागले. परवाचं एका बैठकीत झालं, आणि "चि. सौ. कां." म्हणजे काय यावर पंधरा मिनिटं गेली. उच्चार तिचे चटकन बसतात, त्यात त्या जुन्या ठेवीचा हात आहे. पण पालापाचोळा आणि पाणी मला घालावं लागतं, आणि मी काही कायम असणार नाही.

तेव्हा सभेतल्या त्या मुद्द्याला माझं उत्तर वरच्या गणितातच आहे. आपण इथे आलो तेव्हा आपल्या अंगात लाखाची ठेव होती. आजी, चाळ, शाळा, रेडिओ, भांडणं, कीर्तन, सगळं मराठीत. आपल्या मुलांना त्यातले शंभर मिळाले. त्यांच्या मुलांना त्यातले किती मिळतील याचा हिशोब ज्याने त्याने करावा. शिवाय ठेव आहे म्हणून दलदल सुकू द्यावी, असं डोंगरावर कुणीच म्हणत नाही. बीजाणू शेकडो वर्षं टिकतात हे ज्यांना सगळ्यात चांगलं ठाऊक आहे, तीच माणसं पावसात वाकून ठोंबे लावत असतात.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझ्या तीन सूचना आहेत. एक, वर्ग रविवारी सकाळऐवजी संध्याकाळी घ्यावा, म्हणजे फुटबॉलशी भांडण नको. दोन, हॉल परवडत नसेल तर सहा मुलांना आमची बैठकीची खोली पुरते. चहा-पोह्यांचं मी बघेन, शिकवायलाही मी तयार आहे, फक्त गणितासारखी मराठी शिकवते अशी तक्रार नको. तीन, मोठ्यांचाही एक गट काढावा. आमच्या मुलीसारखी पंचविशी-तिशीतली किती तरी मुलं आहेत, ज्यांच्या घरात कुठल्या तरी डब्यात अशी पत्रं आहेत. त्यांनी ती घेऊन यावं. वाचता येत नसलं तरी चालेल.

आणि ज्यांना शेवाळच लावायचं असेल त्यांचंही स्वागत आहे. बूट जुने आणावेत, डब्यात थालीपीठ असलं तर उत्तम. थंडीत ते टिकतं.